गाडीचा साज आणि गाडीचे संरक्षण

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडे घरात मोटारसायकल आली, की तिच्यासोबत काही ठरलेल्या वस्तूही येत असत. पुढे लोखंडी लेगगार्ड, मागच्या चाकाला साडीगार्ड, टाकीवर रेक्झिनचे आवरण, सीटवर जाड कव्हर आणि हौस असलीच तर हँडलच्या टोकांना रंगीत झालर. या खरेदीवरून घरात वाद होत नसे. वस्तू स्वस्त असत आणि त्यांचा हेतूही एकच असे : गाडी दहा-पंधरा वर्षे टिकावी आणि मागे बसणाऱ्या गृहिणीचा पदर चाकात जाऊ नये.

आज चित्र पालटले आहे. २००८ साली यामाहाची आर१५ भारतात आली, २०१४ मध्ये चाकणच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम आरसी ३९० आली आणि २०१७ च्या अखेरीस टीव्हीएसची अपाचे आरआर ३१०. शर्यतीच्या मैदानावर दिसणारा घाट, म्हणजे अंगभर प्लास्टिकचे फेअरिंग, खाली झुकलेले हँडल, मागे सरकलेले पायदान आणि उंच शेपटी, मध्यमवर्गीय घराच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्यापाठोपाठ या गाड्यांसाठी सुटे साहित्य विकणारी मोठी बाजारपेठही उभी राहिली. स्लायडर, लिव्हर, सायलेन्सर, फिल्म, जादा दिवे या वस्तूंची नावे आता नोकरीला लागलेल्या प्रत्येक तरुणाच्या तोंडी असतात. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र त्यांतील कोणती वस्तू उपयोगाची, कोणती निव्वळ शोभेची आणि कोणती अंगाशी येणारी, हे कळण्यास मार्ग नसतो. परिणामी एक तर सरसकट विरोध होतो, किंवा ‘त्याच्या पगारातून घेतोय, घेऊ दे’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. या दोन टोकांच्या मध्ये विचार करण्यास पुष्कळ जागा आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

बँकेत असताना वाहनकर्जाची प्रकरणे माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षे जात असत. त्यामुळे गाडीकडे तारण म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. निवृत्तीनंतर या विषयाच्या खोलात जाण्यास निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. तो पुण्यात नोकरी करतो. कर्ज काढून त्याने आरसी ३९० घेतली आणि तिच्यासाठी घ्यावयाच्या वस्तूंची यादी केली. ती यादी पाहून माझी धाकटी बहीण धास्तावली आणि ‘दादा, तूच त्याच्याशी बोल’ म्हणून तिने ती माझ्याकडे पाठवली.

यादी अशी होती : सायलेन्सर ३८,००० रुपये, इंजिनाच्या संगणकाची फेरजुळणी १२,०००, पूर्ण गाडीला रंगीत रॅप ९,०००, जादा दिवे ७,०००, ब्रेक व क्लचच्या लिव्हरची जोडी ६,५००, मागचा मडगार्ड काढून बसवायची टेल टायडी ३,५००, फ्रेम स्लायडर ३,५००, रेडिएटर गार्ड १,८०० आणि टाकीपॅड १,२००. एकूण ८२,५०० रुपये.

ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या माणसाचे लक्ष प्रथम प्रमाणाकडे जाते. या यादीत गाडीचे रक्षण करणाऱ्या वस्तू तीनच होत्या : स्लायडर, रेडिएटर गार्ड आणि टाकीपॅड. त्यांची बेरीज ६,५०० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या आठ टक्क्यांहूनही कमी. आणि गाडी चालवणाऱ्याच्या रक्षणासाठी यादीत एकही रुपया नव्हता. मी त्याला फोनवर एवढेच म्हणालो, “यादी चांगली आहे. पण यात तू कुठे आहेस?” क्षणभर थांबून तो म्हणाला, “मामा, हेल्मेट आहे की माझ्याकडे. कॉलेजात असताना घेतलेलं.”

त्यानंतरचे दोन-तीन रविवार आम्ही ही यादी एकेका ओळीने तपासली. त्यातून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडतो.

आधी चालक, मग गाडी

हेल्मेट ही शोभेची वस्तू नव्हे, तसेच ती कायमची मालमत्ताही नव्हे. आतील थर्माकोलसारखा थर आघात झाल्यावर दबतो आणि त्या दबण्यातच डोक्यावरचा जोर शोषला जातो. तो एकदा दबला की पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून एका अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही स्वच्छ दिसले तरी निकामी समजावे. घाम, ऊन आणि काळ यांनीही ते झिजते. साधारण पाच वर्षांनी बदलावे असा संकेत आहे. १ जून २०२१ पासून आपल्या देशात आयएसआय चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदेशीर आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण मागच्या आसनावर बहुधा घरातीलच कोणी बसलेले असते.

हेल्मेटनंतर हातमोजे. माणूस पडतो तेव्हा नकळत प्रथम हात टेकतो. त्यामुळे तळव्याची कातडी सर्वांत आधी सोलवटते. त्यानंतर कोपर, खांदा, गुडघा आणि पाठ यांवर संरक्षक बसवलेले जॅकेट व पँट, आणि घोटा झाकणारे बूट. या संरक्षकांवर युरोपीय मानकाचा क्रमांक असतो : हातपायांसाठी ईएन १६२१-१ आणि पाठीसाठी ईएन १६२१-२. त्यापुढे १ किंवा २ अशी पातळी लिहिलेली असते; २ ही वरची. क्रमांक नसलेला स्पंजाचा तुकडा म्हणजे संरक्षक नव्हे.

आपल्या घरांत येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. या पोशाखात चामड्याचा वापर परंपरेने होत आला आहे आणि आपल्यातील अनेकांना ते चालत नाही. अशांनी संरक्षणच टाळण्याचे कारण नाही. जाड नायलॉनच्या मजबूत विणीची व हवा खेळती ठेवणाऱ्या जाळीची जॅकेटे उत्तम मिळतात आणि आपल्या हवामानात ती चामड्यापेक्षा सुसह्यही असतात. कपड्याच्या मजबुतीसाठी ईएन १७०९२ हे मानक असून त्यात एएए, एए, ए अशा उतरत्या श्रेणी आहेत. हातमोज्यांच्या तळव्याला व बुटांना मात्र विचारून घ्यावे लागते. बाहेरून कापडी दिसणाऱ्या मोज्यात तळव्याला चामड्याची पट्टी असू शकते; त्याऐवजी कृत्रिम मायक्रोफायबरचे मोजे मागावेत. शर्यतीच्या मार्गावर उतरण्याची हौस असेल, तर तेथे पुष्कळदा चामड्याच्या एकसंध पोशाखाचीच अट असते, हे मात्र आधी ठाऊक असलेले बरे.

गाडी पडते तेव्हा काय होते

गाडी पडणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भरधाव अपघात येतो. प्रत्यक्षात अशा गाड्यांच्या अंगावरचे पुष्कळसे ओरखडे उभ्या गाडीचे असतात. साइड स्टँड मऊ मातीत रुतला, चढावर गाडी गिअरमध्ये न घालता उभी केली, वाहनतळावर शेजारच्या गाडीचा धक्का लागला, की सुमारे पावणेदोनशे किलोचे धूड एका बाजूवर कलंडते. तेव्हा हँडलचे टोक, आरसा, लिव्हर, पायदान, गिअरचा दांडा आणि फेअरिंग ही मंडळी प्रथम जमिनीला लागतात. साध्या गाडीत हे नुकसान किरकोळ असते. स्पोर्ट गाडीत मात्र फेअरिंग हे मोठ्या, एकसंध आणि महागड्या तुकड्यांचे असते, आणि त्याला आतून धरणारे प्लास्टिकचे कान तुटले की पूर्ण तुकडाच बदलावा लागतो.

यावर उपाय म्हणजे फ्रेम स्लायडर. इंजिन जेथे चौकटीला बोल्टने जोडलेले असते तेथे नायलॉनसारख्या चिवट, घासला तरी न चिरफळणाऱ्या पदार्थाची जाड गुंडी बाहेरच्या बाजूस बसवतात. गाडी कलंडली की फेअरिंगऐवजी ही गुंडी जमिनीला लागते आणि गाडी घसरत गेलीच तर तीच झिजत जाते. तत्त्व सोपे आहे, पण निवडीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, गुंडी गरजेपेक्षा लांब नसावी. लांब दांडा तरफेसारखा काम करतो आणि सारा जोर चौकटीच्या किंवा इंजिनाच्या बोल्टावर येऊन मूळ जोडच तडकू शकतो. दुसरी, तिचे टोक गोलसर असावे. धारदार कड रस्त्याच्या खड्ड्यात अडकली तर घसरणारी गाडी कोलांटी घेते. तिसरी, ती त्याच मॉडेलसाठी बनवलेली असावी. फेअरिंगला भोक पाडावे लागणारा आणि न लागणारा असे दोन प्रकार मिळतात. भोक पाडण्याआधी शंभरदा विचार करावा. ते बुजवता येत नाही.

आपल्याकडील जुना लेगगार्ड, ज्याला आता क्रॅश गार्ड म्हणतात, तो शहरातील संथ वेगाच्या, सरळ बसून चालवायच्या गाडीला चांगलाच आहे. वळणावर खूप झुकणाऱ्या स्पोर्ट गाडीला मात्र रुंद लोखंडी पिंजरा अडचणीचा ठरतो, कारण झुकलेल्या अवस्थेत तोच आधी रस्त्याला टेकण्याची भीती असते.

रेडिएटर गार्डची किंमत थोडी, परंतु उपयोग मोठा. द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर पुढच्या चाकाच्या अगदी मागे असतो आणि त्याच्या पात्या पातळ पत्र्याच्या असतात. पुढच्या ट्रकमागून उडालेला खडा त्यात घुसला, की कूलंट गळू लागते आणि प्रवास तेथेच थांबतो. पण जाळी निवडताना ती फार बारीक घेऊ नये. हवेला वाट कमी मिळाली तर पुण्या-मुंबईच्या गर्दीत पंखा सतत फिरत राहतो आणि इंजिन तापते. खडा अडावा आणि वारा अडू नये, इतपतच जाळी हवी.

रंगाच्या रक्षणासाठी दोन गोष्टी विकल्या जातात आणि त्यांत गल्लत फार होते. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म ही रंगावर चढवलेली खरीखुरी कातडी असते. ती बारीक खडे आणि घर्षण स्वतःवर घेते. सिरॅमिक लेप हा अत्यंत पातळ थर असून त्याने पाणी व धूळ चिकटत नाही, पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग लवकर पडत नाहीत, धुणे सोपे होते. मात्र खड्यापासून तो वाचवत नाही. विक्रेता दोन्हींना ‘कोटिंग’ म्हणतो. आपण नेमके विचारावे. पूर्ण गाडीला फिल्म लावण्याची गरजही नसते. टाकी, फेअरिंगचा पुढचा भाग आणि मागे बसताना बूट घासतो ती कड एवढे पुरते. टाकीपॅड तर पट्ट्याच्या बकलाचे आणि जॅकेटच्या चेनचे ओरखडे अडवतो, शिवाय ब्रेक दाबताना मांड्यांनी टाकी धरून ठेवण्यास मदतच करतो.

फुकटचे बदल

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. गाडी स्वतःच्या अंगाला जुळवून घेण्याचे पहिले काही बदल विकत घ्यावे लागतच नाहीत. लिव्हरचा कोन, गिअरच्या दांड्याची उंची, आरशांची दिशा, मागच्या स्प्रिंगचा ताण, हे सारे पान्ह्याने बदलता येते. चालक बसल्यावर सस्पेन्शन त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा एवढे खाली जावे, असा ढोबळ नियम आहे. पंचावन्न किलोचा मुलगा आणि नव्वद किलोचा गृहस्थ एकाच जुळवणीवर चालवत राहिले, तर दोघांपैकी एकाची गाडी उड्या मारणार किंवा लोळणार. माझ्या भाच्याची ‘मागचा शॉक बदलायला हवा’ ही तक्रार स्प्रिंगचा ताण दोन खाचांनी बदलल्यावर मिटली.

टायर हाही असाच विषय. आरसी ३९० ला पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० मापाचे, १७ इंची टायर येतात. दिसायला भारदस्त म्हणून मागे आणखी रुंद टायर बसवण्याची चाल आहे. परंतु रिम तेवढीच ठेवून टायर रुंद केला, की त्याच्या कडा आत चिमटल्या जातात, माथा टोकदार होतो आणि गाडी वळणावर उतरताना आडमुठेपणा करते. रुंदीपेक्षा टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२४ असे लिहिले असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. जुन्या मालाचा नवा टायर सवलतीत मिळतो, तो का, हे या आकड्यांवरून कळते.

ब्रेकच्या द्रवाचेही तसेच. तो हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब घाट उतरताना ब्रेक मऊ पडतो. साधारण दोन वर्षांनी तो बदलावा. स्टीलच्या जाळीची ब्रेकनळी बसवण्याआधी एवढे तरी करून पाहावे. हा द्रव रंगावर सांडला तर रंग उचलतो, हेही लक्षात असू द्यावे.

लिव्हर, दिवे आणि बोल्ट

कमी-जास्त करता येणाऱ्या लिव्हर या निव्वळ शोभा नव्हेत. ज्यांची बोटे आखूड आहेत त्यांना लिव्हर हँडलजवळ आणता येणे ही सुरक्षिततेचीच बाब आहे. पण बाजारात नामांकित लिव्हरच्या हुबेहूब नकला पाव किमतीत मिळतात. ओतीव, ठिसूळ धातूची लिव्हर ऐन वेळी तुटली तर पुढचा ब्रेकच नाही. चांगल्या लिव्हरवर टोकाकडे मुद्दाम खाच ठेवलेली असते. गाडी पडली तर तेवढेच टोक तुटते आणि उरलेल्या भागावर घरापर्यंत येता येते. मोटोजीपी शर्यतींत ब्रेकच्या लिव्हरपुढे संरक्षक दांडा सक्तीचा आहे. शेजारच्या गाडीचे हँडल लागून ब्रेक अचानक दाबला जाऊ नये, हे त्याचे कारण.

जादा दिव्यांचा हिशेब विजेच्या भाषेत मांडावा. ४० वॅटचे दिवे १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह ओढतात. तो भार रिले आणि स्वतंत्र फ्यूजवाटे बॅटरीवरून घ्यावा लागतो. मूळ वायर सोलून, चिकटपट्टी गुंडाळून केलेली जोडणी पहिल्या पावसाळ्यात दगा देते, आणि कंपनीच्या वॉरंटीतून तो भाग बाहेर जातो तो वेगळाच. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा प्रकाश तर आपल्याही जिवावर येतो, कारण दिपलेला माणूस आपल्याच अंगावर येतो.

शेवटी बोल्ट. कोणताही भाग बसवताना बोल्ट ‘हाताला लागेल तितका’ आवळायचा नसतो. किती न्यूटन-मीटर बलाने आवळायचा हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यासाठी टॉर्कचा पान्हा वापरतात. अॅल्युमिनियमच्या इंजिनात जास्त आवळलेला बोल्ट आटे मारतो; कमी आवळलेला कंपनाने सुटतो. ज्या गॅरेजात असा पान्हा नाही, तेथे स्लायडर बसवून घेऊ नये.

कायदा, विमा आणि कर्ज

आता यादीतील सर्वांत मोठ्या रकमेकडे वळू : सायलेन्सर. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू आहे. या गाड्यांच्या धुराड्यात उत्प्रेरक बसवलेला असतो; तो विषारी वायूंचे रूपांतर करतो आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर इंजिनाच्या संगणकाला सतत माहिती देत असतो. उत्प्रेरक काढून टाकणारी नळी बसवली, की ही साखळीच तुटते. मग ती जुळवण्यासाठी संगणकाची फेरजुळणी. म्हणजे एका खर्चाने दुसरा खर्च जन्माला घातला. एवढे करून एकसिलिंडर इंजिनाच्या शक्तीत पडणारी भर अल्प असते. भर पडते ती प्रामुख्याने आवाजात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा हाच अर्थ अधोरेखित केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवाना अपात्र. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोलर फिरवल्याची दृश्ये महाराष्ट्रातील शहरांतूनही आपण पाहिली आहेत. ३८,००० रुपयांच्या वस्तूचे हे भवितव्य गुंतवणूक म्हणून आकर्षक नाही. आणि पैशाच्या पलीकडे, रात्री अकरा वाजता ज्या गल्लीतून ती गाडी जाणार, तेथे कोणाचे तान्हे बाळ आणि कोणाचा आजारी बाप झोपलेला असतो.

टेल टायडीही निरुपद्रवी नाही. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण आणि मागे बसणाऱ्यासाठी हाताची मूठ व पायदान हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहेत. मागचा मडगार्ड काढला तर पावसात चिखलाची रेघ स्वतःच्या पाठीवर आणि मागच्याच्या चेहऱ्यावर उठते, क्रमांकाची पाटी तिरकी होऊन वाचता येत नाही. संपूर्ण रॅपने गाडीचा रंग बदलला, तर नोंदणी पुस्तकातील रंगाशी तो जुळत नाही. परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते.

विम्याचा मुद्दा तर फारच थोड्यांना ठाऊक असतो. नेहमीच्या पॉलिसीत नुकसानभरपाई देताना प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. स्पोर्ट गाडीचे तर अंगच प्लास्टिकचे. म्हणजे २०,००० रुपयांचे फेअरिंग तुटले, तर निम्मा भार मालकावर. हा घसारा टाळणारे जादा संरक्षण अल्प हप्त्यात मिळते. नव्या गाडीला ते अवश्य घ्यावे. तसेच नंतर बसवलेल्या वस्तूंची किंमत पॉलिसीत नोंदवून त्यावर हप्ता भरला नसेल, तर त्या वस्तूंची भरपाई मिळत नाही. गाडीत न कळवता केलेला बदल अपघाताशी संबंधित निघाला, तर संपूर्ण दावाच वादात सापडू शकतो. म्हणून प्रत्येक वस्तूचे पक्के बिल ठेवावे आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. मूळचे भाग, लिव्हर असोत की आरसे, भंगारात न टाकता कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत.

कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण असते, हेही विसरता कामा नये. थकीत कर्जापोटी ताब्यात आलेल्या गाड्यांची किंमत ठरवताना मी पाहत आलो आहे : मूळ स्थितीतील गाडीला ग्राहक पटकन मिळे, भोके पाडलेल्या, वायरी लोंबणाऱ्या, कर्कश गाडीला बोली लावणारा थोडक्यात आटपे. मालकाने तिच्यावर किती हजार घातले याची विचारपूससुद्धा कोणी करत नसे. सजावटीवरचा खर्च विक्रीच्या दिवशी परत येत नाही. संरक्षणावरचा मात्र येतो, कारण ओरखडे नसलेली टाकी आणि न फुटलेले फेअरिंग खरेदीदाराला डोळ्यांनी दिसते.

सुधारलेली यादी

तीन रविवारांनंतर भाच्याने स्वतःच नवी यादी केली : हेल्मेट ९,०००, जॅकेट, हातमोजे व बूट मिळून १६,०००, टाकी व पुढच्या फेअरिंगची फिल्म ६,०००, लिव्हरची जोडी ६,५००, स्लायडर ३,५००, रेडिएटर गार्ड १,८००, डिस्कचे कुलूप १,५०० आणि टाकीपॅड १,२००. बेरीज ४५,५००. लिव्हर त्याने सोडल्या नाहीत आणि मीही आग्रह धरला नाही. हौस हीही माणसाची गरज आहे. ती सारी छाटून टाकली तर तरुण मुलगा पुढच्या वेळी यादी दाखवणारच नाही. उरलेल्या ३७,००० पैकी काही त्याने कर्जात भरले आणि काही वेगळे काढून ठेवले. वेग अनुभवायचाच असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूर येथे शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. तेथे समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी येत नाही आणि बाजूला रुग्णवाहिका उभी असते.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात घाटातल्या एका वळणावर रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवरून त्याची गाडी घसरली. वेग तीसच्या आसपास असावा. डाव्या बाजूची गुंडी निम्मी झिजली, आरसा फुटला, लिव्हरचे टोक खाचेपाशी तुटले. हातमोज्याचा तळवा फाटला. आतला तळवा शाबूत राहिला. फेअरिंगवर वीतभर ओरखडा, त्यापलीकडे काही नाही. तशीच गाडी चालवत तो खोलीवर पोहोचला आणि मग त्याने आईला फोन केला. बहिणीने मला विचारले, ‘दादा, आता गाडी विकायला सांगू का त्याला?’ मी म्हणालो, ‘नको. झिजलेली गुंडी बदलायला सांग आणि नवे हातमोजे घ्यायला सांग.’

घरातील ज्येष्ठांना माझी विनंती आहे, की मुलाने किंवा मुलीने अशी गाडी घेतली असेल तर तिच्या सामानाची यादी मागावी. रागावून नव्हे, घरखर्चाची वही मागतो तशी. प्रत्येक वस्तूपुढे तीनच प्रश्न लिहावेत : ही चालकाला वाचवते का, गाडीला वाचवते का, आणि नोंदणी पुस्तक व विम्याच्या कागदाशी हिचे जमते का. पहिल्या प्रश्नाला होय असेल, तर पैसे कमी पडत असल्यास आपण घालावेत. दुसऱ्याला होय असेल, तर पगारातून घेऊ द्यावी. तिसऱ्याला नाही असेल, तर ती ओळ खोडावी, आणि ती का खोडली हे मुलासमोर बसून सांगावे.